यादीत नाव नसलेली पोरं

खो-खोच्या संघाच्या यादीत पूर्वी बारा नावं असायची, आता बऱ्याच स्पर्धांत पंधरा असतात. मैदानात उतरतात नऊ. तालुक्याच्या गावात एखादं मंडळ नीट चालू असेल तर संध्याकाळच्या सरावाला चाळीसएक पोरं सहज जमतात. म्हणजे जिल्हा स्पर्धेची यादी फळ्यावर लागते त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त पोरं आपलं नाव शोधून परत फिरतात. दुसऱ्या दिवशी त्यातली किती मैदानावर येतात आणि महिन्याभराने किती उरतात, यावरून मी प्रशिक्षक ओळखते. कपाटात ढाली किती आणि राज्यावर किती गडी गेले, हे मी त्यानंतर विचारते.

लिहितेय ते बिनपगारी प्रशिक्षकांबद्दल. पोरं त्यांना सर, दादा, अण्णा, ताई असं काहीही म्हणतात. दिवसा ही माणसं पोस्टात असतात, एसटीच्या डेपोत, पतसंस्थेत, शाळेत, नाहीतर स्वतःच्या किराणा दुकानात. पाच वाजले की मैदानावर. दिवाळीच्या सुट्टीत आणि उन्हाळी शिबिरात तर सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या गावी बदली झाली तरी मोटारसायकल काढून येतात. मानधन नसतं, बऱ्याचदा साधं ओळखपत्रही नसतं. तरी महाराष्ट्रातला खो-खो, कबड्डी, मल्लखांब गावपातळीवर त्यांच्याच जिवावर उभा आहे. शासनाचे क्रीडा मार्गदर्शक आहेत, पण ते मोजके, आणि बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, तोही पट शंभराच्या वर असेल तर. वाडीवरच्या शाळेचा पट शंभरावर कुठून जायचा? तिथल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणतं, "असं ताठ नको पळू, गुडघ्यात वाक," तेव्हा ते म्हणणारा माणूस बहुतेक वेळा असाच कुणीतरी असतो.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास पहिल्यांदा बांधून दिले. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याच साली सुरू झालं, दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली. अशा संस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या कालच्या खेळाडूने आज शिकवायला उभं राहायचं या रिवाजावर. समर्थचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे तिथे दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला गेला. गुळगुळीत, एरंडेल लावलेल्या खांबावर पाय कुठे अडकवायचा हे जिला दिसत नाही, तिला ते सांगून, हाताने जागा दाखवून, पुन्हा पुन्हा करवून घ्यावं लागतं. पदकांची घाई असलेला माणूस या वाटेला जात नाही.

मी खेळले ते सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी. आमचे सर पोस्टात होते. सायकलच्या कॅरिअरला फक्कीची पिशवी बांधलेली असायची. आल्या आल्या पहिलं काम खडे वेचणं. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि वाकून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. राज्यावर खेळून आलेली मुलगीही त्या ओळीत, काल दाखल झालेलं पोरगंही त्याच ओळीत. मग पाणी मारायचं, खांबांच्या भोवतीची माती उकरून भुसभुशीत करायची, पाट्या आखायच्या. सर स्वतः दोरी धरायचे आणि फक्की मात्र दरवेळी वेगळ्या पोराच्या हातात. रेघ वाकडी गेली तर पुसून पुन्हा. यात अर्धा तास जायचा, आणि मोठ्या शहरातल्या संघांनी तो अर्धा तास सरावात घालवलेला असायचा, हे सरांना माहीत होतं. तरी त्यांनी ते कधी बदललं नाही. त्या अर्ध्या तासात कुणीच राखीव खेळाडू नसायचं.

खो-खोत आक्रमणाच्या वेळी आठ जण मध्यपाटीवर एकाआड एक उलट्या दिशांना तोंडं करून बसतात आणि एक जण पाठलाग करतो. दोन्ही टोकांच्या खांबांजवळची जागा तरबेज गड्यांची, कारण सूर तिथे मारायचा असतो. नवखं पोर कुठे बसवायचं, यात प्रशिक्षकाची सगळी दानत दिसते. बहुतेक ठिकाणी त्याला जमलेल्या साखळीत शिरकावच मिळत नाही, बाजूला उभं करून बघायला सांगतात. आमचे सर नवख्याला मुद्दाम दोन मुरलेल्या गड्यांच्या मधे बसवायचे आणि त्या दोघांना बजावून ठेवायचे, "याला वगळून पुढं खो द्यायचा न्हाई." मग व्हायचं काय, तर पोर उठायचं उशिरा, कधी दिशाच चुकायचं, कधी खो मिळायच्या आधीच उठायचं, आणि साखळी तुटायची. चांगल्या गड्यांची चिडचिड व्हायची. सर शिट्टी मारायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभरात पोराला कळायचं की मागून पावलांचा आवाज कुठल्या बाजूने येतोय, पाठीवर हात पडायच्या आधी कुठला पाय जमिनीत रोवून ठेवायचा. आणि त्या दोन मुरलेल्या गड्यांनाही कळायचं की शेजारचा कच्चा आहे तेव्हा खो जरा अलीकडे, जरा खणखणीत द्यावा लागतो. सामन्यात दोन गडी दमल्यावर तेच उपयोगी पडायचं. सर हे दयेपोटी करत नव्हते. खेळ त्यांना खरोखर तसाच दिसायचा.

सूर शिकवताना तर त्यांचा धीर बघत राहावा. खांबाला एका हाताने धरून अख्खं अंग पलीकडे झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पळणाऱ्याला टिपायचं, हे लांबून सुंदर दिसतं. शिकताना कोपरं सोलतात, हनुवटी आपटते, आणि त्याहून वाईट म्हणजे भीती अंगात बसते. सर आधी नुसतं खांब धरून उकिडवं बसायला लावायचे. मग गुडघ्यावरून पुढे झुकायचं, छाती आणि मांडी आधी टेकली पाहिजे, कोपर नाही. मग उभ्याने, मग चार पावलं चालत येऊन, मग पळत. मुलग्यांच्या पोटाखाली ते स्वतः हात धरायचे. मुलींच्या वेळी तिथे मोठ्या गटातली मुलगी बसायची आणि सर दोन पावलं लांब उभे राहून तोंडाने सांगायचे, "खाली बघू नको, हात कुठं न्यायचाय तिकडं बघ." हा नियम त्यांना कुणी घालून दिलेला नव्हता. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आज वाटतं.

आमच्यात एक मुलगी होती, जाड भिंगाचा चष्मा, पळायला संथ. बाकीच्यांना सूर यायला लागून पावसाळा उलटला तरी तिला येईना. सरांनी तिला कधी 'तू पळतीचाच, म्हणजे बचावाचाच, सराव कर' म्हणून बाजूला काढलं नाही, आणि 'पळतीही जमत नाही तर गुण लिहीत बस' असंही नाही. ही दुसरी वाट फार मंडळांत वापरतात आणि तिला सामावून घेणं म्हणतात. पाण्याची कळशी भरणारं, चपला सांभाळणारं, गुणपत्रक लिहिणारं पोर मैदानावर असतं खरं, पण खेळत नसतं. गुण लिहायला, वेळ घ्यायला सर शिकवायचे, आम्हा सगळ्यांना पाळीपाळीने. त्यातल्या दोघी पुढे पंच परीक्षा पास झाल्या. पण सराव म्हणजे सराव. त्या चष्मेवाल्या मुलीला सूर आला तेव्हा तिने चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि अंदाजाने झेप घेतली. ती जिल्ह्याच्या यादीतही कधी आली नाही. दहावीपर्यंत रोज आली मात्र.

आता जे सांगायचंय ते कडू आहे. यादी बनवणं आज पूर्वीपेक्षा कितीतरी अवघड झालंय, कारण यादीला आता खेळाबाहेरची किंमत आली आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत. २००५ पासून राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने आल्या आणि त्यांनी गरीब घरातल्या कितीतरी मुलामुलींचं भलं केलं, पोलिसात, शाळेत, कार्यालयात लावलं. पण त्याच दिवसापासून बिनपगारी माणसाच्या दारात माणसं यायला लागली. मी मंडळाचे प्रवेश अर्ज आणि जन्मदाखले तपासायला बसते तेव्हा हे संवाद कानावर पडतात.

"सर, औंदा दहावी आहे पोराची. कुठंतरी नाव घाला की."

"सरावाला येऊ दे आधी. मग बघू."

"क्लास असतोय संध्याकाळी. खेळवू नका, बसवा बाहेर. नुसतं प्रमाणपत्र मिळालं तरी बास."

"आणि ज्याचं नाव काढायचं, त्याच्या घरी सांगायला तुम्ही येताय का माझ्यासंगं?"

समोरच्या माणसाने मान खाली घातली आणि उठला. पण सगळेच उठत नाहीत. कुणी नगरसेवकाचा फोन आणतो, कुणी मैदानाच्या परवानगीची आठवण करून देतो. वयाच्या दाखल्यातही तेच. चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला गडी घातला तर ढाल येते, आणि समोरच्या संघातल्या बारा वर्षांच्या पोराची बरगडी दुखावते. पगारी माणसाला निदान आपली नोकरी, आपला करार यांचा आधार असतो. बिनपगारी माणसाकडे 'नाही' म्हणायला फक्त गावातली पत असते, आणि ती पत मिळवायला वर्षं गेलेली असतात. म्हणून त्याचं 'नाही' मला ढालीपेक्षा मोठं वाटतं.

पण अशी पत असण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो माणूस एक पैसा घेत नाही त्याला गावात प्रश्न विचारायला कुणी धजत नाही. "एवढं करतात पोरांसाठी, रागावले तर काय झालं?" हे वाक्य मी पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला चीड येते. रागावण्यातून थप्पड येते, थप्पडेतून पट्टी येते, आणि उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावून पाणी नाकारणं यालाही 'कणखर बनवणं' म्हणतात. फुकट शिकवतो म्हणून मारायचा हक्क मिळत नाही. आणि मुलींच्या, मुलांच्याही, सुरक्षिततेचा प्रश्न आला तर 'माणूस देवासारखा आहे' हे उत्तर कुठल्याच मंडळाने देऊ नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा पगारी-बिनपगारी असा भेद करत नाही. असं काही घडल्याचं ज्याला समजेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो मंडळाचा अध्यक्ष असो की गुण लिहिणारा. सरावाला नेहमी दोन मोठी माणसं हवीत. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर बाई हवीच. पोराला मोटारसायकलवरून एकटं सोडायला जायचं नाही. चांगल्या माणसाला या नियमांचा जाच होत नाही. आमच्या सरांनी दोन पावलं लांब उभं राहणं आपणहून पत्करलं होतं. पण असा माणूस प्रत्येक गावाला मिळेलच असं नाही, म्हणून नियम लिहून भिंतीला लावावे लागतात.

मुलींबरोबर बाई हवी म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, बाई आणायची कुठून? मुली खो-खो खेळतात, जिंकतात, लग्न होतं, आणि सरावाची वेळ नेमकी भाकऱ्या थापायच्या वेळेला येते. संध्याकाळी पाच ते सात या दोन तासांनी महाराष्ट्रातल्या किती प्रशिक्षिका खाल्ल्या असतील! माझी वहिनी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली. ती मुलींच्या गटाला शिकवायला लागली तेव्हा घरात बोलणी झाली, मोठी झाली. तिने दुपारीच भाजी करून ठेवायला सुरुवात केली, भाकऱ्या माझ्या भावाने शिकाव्यात हे आईने सुचवलं, आणि त्याला पहिल्या महिन्यात नकाशेच जमायचे. आता बऱ्या होतात. वहिनी साडेपाचच्या आधी पायांत बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून निघते. तिच्या येण्याने मैदानावर काय बदललं, ते आकड्यात सांगता यायचं नाही. पाळीच्या दिवशी मुली दांडी मारायच्या, आता सांगून हलका सराव करतात. सातवीनंतर गळणाऱ्या मुली टिकायला लागल्या. एका मुलीचे वडील अंधार पडायच्या आत मुलगी घरी पाहिजे म्हणून गटातून काढायला आले होते. वहिनी म्हणाली, "दादा, सातला मी स्वतः कोपऱ्यापर्यंत आणून सोडते. बाकीच्या चौघी त्याच गल्लीतल्या आहेत, एकदमच येतील." ते म्हणाले, "ताई, तुम्ही आहात म्हणून." मुलगी टिकली. ती पळायला साधारणच आहे, आणि वहिनीने तिला खांबाशेजारी बसवायला सुरुवात केलीय.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, मुलींनी ७८-४० असं आणि मुलांनी ५४-३६ असं. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. त्याच्या आधी २०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तो दोन दशकांहून जास्त काळाने आला होता. घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असताना ती खेळत राहिली, हे तिने स्वतः सांगितलंय. अशा मुली विमानातून उतरतात तेव्हा आपण फुलं घेऊन जातो, आणि जावंच. पण प्रत्येक सारिकेबरोबर त्याच मैदानावर खडे वेचणाऱ्या तीस मुली असतात. त्या नसत्या तर सारिकेला चुकवायला आणि पकडायला समोर कोण असतं? हा खेळ एकट्याने करता येत नाही. यादीबाहेरची पोरं टिकवणारा प्रशिक्षक हा यादीतल्यांचाही प्रशिक्षक असतो, हे निवड समितीच्या बैठकीत कुणी बोलत नाही.

आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर शिकलेलं पोर मॅटवर घसरतं, तिथे बूट लागतात, सूर मारताना घर्षणाने कातडी भाजते. हे सगळं नव्याने शिकवायला सरांनाही नव्याने शिकावं लागणार. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, चांगला आहे. पण पोस्टात किंवा डेपोत काम करणाऱ्याला सलग सहा आठवडे रजा कोण देणार? दुकान असेल तर तेवढे दिवस ते बंद. वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला आपण चुकत नाही. त्याऐवजी त्या रजेची सोय झाली असती, पेट्रोलचा खर्च मंडळाने उचलला असता, प्रथमोपचाराची पेटी भरलेली असती, खेळताना हात मोडला तर विम्यातून इलाज झाला असता, तर त्याचा पोरांना जास्त उपयोग होता. सेवा आहे म्हणून खर्च त्यानेच सोसायचा, हे मला पटत नाही. वेळ तो देतोच आहे.

आमच्या मंडळाने यंदा एवढं केलंय. भिंतीवर नियम लावलेत, त्याखाली पालकांनी तक्रारीसाठी कुणाला फोन करायचा ते लिहिलंय, आणि तो नंबर प्रशिक्षकांपैकी कुणाचाही नाही. पेटीत बर्फाची पिशवी आणि क्रेप बँडेज असतं, दर पहिल्या तारखेला दोन पालक ती उघडून बघतात. अर्जांसाठी वेगळी माणसं नेमलीत, म्हणजे नाव घालण्याचा तगादा थेट सरांकडे जात नाही. सर आता सत्तरीच्या पुढे आहेत, रोज येतात, खुर्चीत बसून साखळी बघतात, आणि नवख्याला वगळून खो दिला की लांबूनच हाक मारतात. जुन्या खेळाडूंनी आठवड्यातली एकेक संध्याकाळ वाटून घ्यायचं ठरलंय. सोमवार, बुधवार वहिनीकडे, गुरुवार त्या पंच झालेल्या दोघींकडे, शनिवारी मी पुण्याहून येते. मुलींच्या गटासाठी मंगळवार आणि शुक्रवार अजून कुणी घेतलेले नाहीत. वेळ साडेपाच ते सात, पळता आलं नाही तरी चालेल, खडे वेचायला वाकता आलं पाहिजे.